शिक्क्यावरचे वाक्य : सातारा जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयाच्या रिक्त पदाचे प्रकरण

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका तालुका न्यायालयात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर तथा न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग हे पद जून ते जानेवारी असे आठ महिने रिकामे होते. त्या काळात पोटगीच्या एका अर्जाचे काय झाले, आणि तो अर्ज चालवणारी तरुण वकील, जी स्वतः याच पदाच्या परीक्षेची उमेदवार आहे, तिच्या वाट्याला काय आले, याची ही नोंद आहे. ती माझ्याच कार्यालयात काम करते. त्यामुळे मी त्रयस्थ नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पक्षकारांची ओळख पटू नये म्हणून तालुका, गाव आणि नावे दिलेली नाहीत.

अर्जदार बाईंचे वय एकोणतीस, पदरात सहा वर्षांची मुलगी. नवरा कोइमतूरला गलाईच्या धंद्यात आहे. माणदेशातील आणि खानापूर-आटपाडी पट्ट्यातील कितीतरी घरे सोने-चांदी गाळण्याच्या या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. गावात दुमजली घर, त्याला कुलूप आणि शेजारच्या जुन्या खणांत म्हातारे आईवडील, हे चित्र इथे कुणाला नवे नाही. बाई दोन वर्षांपासून माहेरी भावाकडे राहतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलमाच्या क्रमांकावरून बाररूममध्ये अजूनही ज्याला सगळे 'एकशे पंचवीस'च म्हणतात त्या तरतुदीखाली, त्यांनी जानेवारी 2025 मध्ये अर्ज केला आणि त्यासोबत अंतरिम पोटगीचा अर्जही दिला. कोइमतूरची नोटीस बजावून परत यायला एप्रिल उजाडला. सामनेवाला वकिलामार्फत हजर झाला, त्याने म्हणणे देण्यास मुदत घेतली, मध्ये उन्हाळी सुट्टी आली, आणि सर्वसाधारण बदल्यांच्या यादीत आमच्या न्यायाधीशांची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. त्यांच्या जागी येणाऱ्याचे नाव त्या यादीत नव्हते.

जूनच्या तारखेला कारकुनाने रोजनाम्यावर, म्हणजे दर तारखेच्या कामकाजाच्या नोंदीवर, हाताने लिहिले, 'मे. न्यायाधीश यांचे पद रिक्त. प्रकरण पुढील तारखेस.' जुलैतही हातानेच लिहिले. ऑगस्टमध्ये त्या वाक्याचा रबरी शिक्का झालेला होता. तारखेपुरती जागा तेवढी मोकळी सोडलेली. कारकुनाला दोष देण्यासारखे त्यात काही नाही, कारण रोज फायलींच्या थप्पीवर तेच वाक्य लिहून कुणाचाही हात दुखेल. मात्र शिक्का करून घ्यावासा वाटला, यावरूनच कार्यालयाने मनाशी किती महिन्यांचा हिशेब धरला होता ते कळते.

न्यायालय बंद नव्हते. शेजारच्या तालुक्याच्या न्यायाधीशांकडे कार्यभार दिलेला होता आणि ते मंगळवारी व शुक्रवारी येत. त्यांच्या स्वतःच्या न्यायालयाचा बोर्ड, म्हणजे रोजच्या प्रकरणांची यादी, सांभाळून आलेल्या माणसाने दोन दिवसांत रिमांड, जामीन, तातडीचे मनाईहुकूम एवढे उरकले तरी पुष्कळ, आणि ते तेवढे चोख उरकत. पोटगीचा अंतरिम अर्ज तातडीचा आहे की नाही, हा प्रश्न अशा वेळी उभा राहतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत अंतरिम अर्ज निकाली काढावा, असे कायदाच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निर्णयात दोन्ही बाजूंची मालमत्ता व देणी यांची शपथपत्रे दाखल झाल्यावर चार ते सहा महिन्यांच्या आत कारणांसह आदेश व्हावा, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. पण कोठडीत माणूस बसलेला असतो तेव्हा त्याची तातडी समोर दिसते; माहेरच्या ओसरीवर बसलेल्या बाईची तातडी दिसत नाही. बाई दर तारखेला सकाळच्या एसटीने येत, पुकाऱ्याची वाट पाहत, आणि दुपारी शिक्का मारलेली तारीख घेऊन जात. सप्टेंबरमध्ये त्यांनी विचारले, "ताई, सायेब कवा यायचं, ते कुणाच्या हातात असतंय?"

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि प्रकरणाचे मर्म नेमके तिथेच आहे.

तालुक्यातील लोकांची समजूत अशी, की जिल्हा न्यायाधीशांनी मनावर घेतले तर साहेब येतील. जिल्हा न्यायाधीश कार्यभार सोपवू शकतात, नेमणूक करू शकत नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद 234 नुसार जिल्हा न्यायाधीशाखालच्या न्यायिक पदांवरील नियुक्ती राज्यपाल करतात, आणि तीही राज्य लोकसेवा आयोग व उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून केलेल्या नियमांनुसार. नियुक्त झालेल्या माणसाला कुठे बसवायचे, केव्हा हलवायचे, केव्हा बढती द्यायची, हे अनुच्छेद 235 खाली उच्च न्यायालयाच्या नियंत्रणात येते. महाराष्ट्रात 2008 च्या न्यायिक सेवा नियमांप्रमाणे हे काम चालते: रिक्त पदे उच्च न्यायालय मोजते, परीक्षा लोकसेवा आयोग घेतो, शिफारस झालेल्यांची वैद्यकीय तपासणी व चारित्र्य पडताळणी होते, नियुक्तीचा आदेश शासनाच्या विधी व न्याय विभागातून निघतो, आणि मग प्रशिक्षण व पदस्थापना होते. एकाचे काम संपल्याशिवाय दुसऱ्याचे सुरू होत नाही, आणि तालुक्यातील पक्षकाराला यापैकी एकही कार्यालय दिसत नाही.

वेळापत्रक नाही असे मात्र नाही. मलिक मझहर सुलतान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2007 मध्ये या भरतीचे पंचांगच घालून दिले आहे. कनिष्ठ स्तराच्या पदांसाठी जानेवारीच्या मध्याला रिक्त पदे कळवायची, फेब्रुवारीच्या आरंभी जाहिरात द्यायची, मे महिन्यात पूर्वपरीक्षा, जुलैत मुख्य परीक्षा, ऑक्टोबरमध्ये मुलाखती, नोव्हेंबरच्या आरंभी अंतिम यादी आणि डिसेंबरच्या आरंभी नियुक्तीपत्रे. पदे मोजतानाही केवळ आज रिकामी असलेली नव्हे, तर येत्या वर्षात सेवानिवृत्तीने रिकामी होणारी आणि बढती, मृत्यू वगैरेंसाठी अंदाजे दहा टक्के अशी पुढची पदेही धरायची आहेत. म्हणजे खुर्ची रिकामी होण्याआधी माणूस तयार असावा, ही कल्पना 2007 मध्येच मांडलेली आहे. वर्षभराच्या त्या साखळीत एखादी कडी सरकली, आरक्षणाचा वा गुणांचा एखादा वाद न्यायालयात गेला, की पुढच्या सगळ्या तारखा सरकतात. आणि पुढच्या वर्षीचे वेळापत्रक मागच्या वर्षीच्या निकालात अडकते.

परंतु भरती वेळेवर झाली असती तरी आमच्या तालुक्याची खुर्ची भरलीच असती, असे मला वाटत नाही. जिल्हा न्यायाधीश निवृत्त झाले की ते पद बहुतेक वेळा खालून भरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निर्णयात जिल्हा न्यायाधीश संवर्गातील मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेचा, म्हणजे सेवेतील न्यायाधीशांसाठीच्या बढतीच्या परीक्षेचा, वाटा दहा टक्क्यांवरून पुन्हा पंचवीसवर नेला. पन्नास टक्के पदे नियमित बढतीची आणि पंचवीस टक्के थेट भरतीने भरावयाची. थोडक्यात, वरच्या चारपैकी तीन जागांसाठी माणूस वरिष्ठ स्तरातून उचलला जातो, त्या वरिष्ठ स्तरातील जागेसाठी कनिष्ठ स्तरातून, आणि कनिष्ठ स्तराच्या खाली उचलायला कुणी नसते. विहिरीत दगड टाकला की तो तळालाच जातो, तशी प्रत्येक निवृत्ती शेवटी एखाद्या तालुक्याच्या न्यायालयात येऊन थांबते. त्यातही नवे न्यायाधीश निवडले गेले म्हणजे लगेच बोर्डावर बसत नाहीत. ते प्रशिक्षणासाठी उत्तनच्या न्यायिक अकादमीत जातात, आणि जायलाच हवे. त्या काळात तक्त्यावर पद भरलेले दिसते आणि आसन रिकामे असते. आकडेवारी पदांची ठेवली जाते, आसनांची नाही.

आता त्या वकील मुलीकडे येतो. ती सत्तावीस वर्षांची आहे. महाराष्ट्राच्या नियमांत या परीक्षेला आजवर दोन मुख्य दारे होती: तीन वर्षे वकिली केलेला उमेदवार, किंवा सगळ्या परीक्षा पहिल्याच प्रयत्नात आणि शेवटच्या वर्षी किमान पंचावन्न टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेला, पंचवीस वर्षांच्या आतील नवा विधी पदवीधर. दुसऱ्या वर्षाला तिचा एक विषय राहिला होता. त्या एका विषयाने दुसरे दार बंद झाले. तेव्हा ती रडली होती. मे 2025 च्या त्याच निर्णयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वांसाठी पुन्हा आणली. 1993 मध्ये हीच अट घातली गेली होती आणि न्यायाधीशांच्या वेतन व सेवाशर्तींसाठी नेमलेल्या शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर 2002 मध्ये ती काढली होती. म्हणजे चाक फिरून पूर्वीच्याच जागी आले. जिथे भरतीची प्रक्रिया आधीच सुरू झाली होती तिथे ही अट लागू होणार नाही, आणि तीन वर्षे मोजताना तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजायची, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. तिची तात्पुरती सनद सप्टेंबर 2022 ची. त्यामुळे सप्टेंबर 2025 मध्ये तिची तीन वर्षे भरली.

या अटीविषयी बाररूममध्ये दोन तट पडले. कोर्टाची पायरी न चढलेला पंचवीस वर्षांचा मुलगा पहिल्याच दिवसापासून लोकांच्या जमिनीचे, स्वातंत्र्याचे आणि संसाराचे निर्णय देतो हे योग्य नाही, हा एक पक्ष. आणि तीन वर्षे फुकट राबण्याची ऐपत ज्यांच्या घरात आहे तेच आता न्यायाधीश होणार, हा दुसरा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मला झोंबते. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर 2024 मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस केली, तेव्हा आमच्या बाररूममध्ये हशा पिकला होता आणि हसणाऱ्यांत मीही होतो. मी तिला त्याच्या निम्म्याहून कमी देतो. तरीही पहिला पक्ष मला पटतो, आणि तो का पटतो हे याच प्रकरणात दिसले.

सामनेवाल्याने सप्टेंबरमध्ये दिलेल्या शपथपत्रात आपण दुसऱ्याच्या गलाई दुकानात नोकर असून महिना बारा हजार मिळतात, असे लिहिले होते. सोबत पगारपत्रक नव्हते, कारण या धंद्यात ते कुणाकडेच नसते. पुस्तकातून आलेल्या मुलाने 'पुरावा दाखल नाही' एवढा शेरा मारला असता. हिने अर्जदाराच्या भावाला बसवून घेतले आणि तासभर धंदाच समजून घेतला: गाळायला येणाऱ्या जुन्या सोन्यावर मजुरी कशी ठरते, भट्टी कुणाच्या नावावर असते, दुकानाचा भाडेकरार कोण करतो, गावाकडून कामाला नेलेल्या पोरांना पगार कोण देतो. शेवटच्या प्रश्नावर भाऊ सहज म्हणाला, की गावातली दोन पोरे भावजींकडेच कामाला आहेत. ज्याच्या हाताखाली दोन माणसे आहेत त्याचा पगार बारा हजार कसा, हा मुद्दा तिथून निघाला. कुठलाही निवडलेला न्यायाधीश आपल्या गावी बसवला जात नाही आणि बसवूही नये. ही मुलगी न्यायाधीश झाली तर तिच्यासमोर गलाईवाला न येता मच्छीमार किंवा कापूस उत्पादक येईल. पण माहीत नसलेला धंदा प्रश्न विचारून समजून घ्यायची सवय तिच्यासोबत जाईल. शंभर गुणांची वस्तुनिष्ठ पूर्वपरीक्षा, शंभर-शंभर गुणांच्या दोन मुख्य प्रश्नपत्रिका आणि पन्नास गुणांची मुलाखत, यांत ही सवय कुठे मोजली जाते, ते मला सापडलेले नाही.

तीन वर्षे भरल्यावर गंमत झाली. वकिलीचा दाखला त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने द्यावा, किंवा दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाने देऊन त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे पृष्ठांकन घ्यावे, असे निर्णयात आहे. मी दाखला एका बसणीत लिहून दिला. पृष्ठांकनासाठी ती न्यायालयात गेली, तर ज्या खुर्चीने सही करायची तीच रिकामी. ज्या पदाची भरती अडली आहे त्या पदासाठी अर्ज करायला त्याच पदावरील माणसाची सही लागते, आणि ते पद भरलेले नाही. प्रभारी न्यायाधीशांनी, 'मी या न्यायालयात तुम्हाला चार महिनेच पाहिले आहे, तीन वर्षांचे कसे लिहू?' असे विचारले. शंका रास्त होती. दाखला उपचार म्हणून नव्हे, तर खात्री म्हणून मागितला आहे. मग तिने तीन वर्षांतील वकीलपत्रांच्या व रोजनाम्यांच्या प्रती काढून, तारीखवार तक्ता करून जोडला, आणि तिसऱ्या शुक्रवारी पृष्ठांकन मिळाले. त्या तक्त्यात पोटगीच्या या अर्जाचे रोजनामेही होते. आपण हजर होतो आणि न्यायाधीश नव्हते, याचीच त्या रोजनाम्यांवर नोंद होती.

अर्जाकडे वळतो. कायद्याच्या दृष्टीने रिकामे आठ महिने बुडत नाहीत, कारण पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे रजनेश प्रकरणात ठरले आहे. ते महिने बुडत नाहीत, पण साचतात. आणि साचलेली रक्कम हे तडजोडीचे हत्यार होते. दिवाळीला गावी आलेल्या सामनेवाल्याने निरोप धाडला, की 'एकरकमी काहीतरी घ्या आणि मिटवा, कोर्ट काय लवकर निकाल देणार नाही.' त्याच्याही बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जुलैमध्ये तो दोन दिवसांचा प्रवास करून तारखेला आला होता, प्रभारी न्यायाधीश त्या दिवशी रजेवर होते, आणि त्याच्याही हातात शिक्क्याची तारीखच पडली. परत जाताना तो आमच्याच दारात थांबून, 'मला बोलायचं होतं' एवढेच म्हणाला. त्या दिवशी दोघांना समोरासमोर बसवणारे कुणी असते तर प्रकरणाला कदाचित वेगळे वळण लागले असते.

सप्टेंबरअखेर त्याने शेजारच्या मोठ्या गावी, वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात, घटस्फोटाची याचिका दाखल केली. तिथे न्यायाधीश होते, आणि याचिका पुढे सरकू लागली. परिणाम असा, की लग्न मोडण्याचा दावा चालू लागला आणि पोट भरण्याचा अर्ज थांबून राहिला. कुटुंब न्यायालय असते तर दोन्ही एकाच छताखाली आले असते, कारण 1984 च्या कायद्याने दंडाधिकाऱ्याचे पोटगीचे अधिकारही त्या न्यायालयाला दिले आहेत. पण दहा लाखांपेक्षा अधिक लोकसंख्येच्या शहरांतच ते स्थापन करणे बंधनकारक आहे; बाकीच्या क्षेत्रांचा निर्णय शासनाच्या मर्जीवर सोपवलेला आहे. त्या कायद्यातील निवडीची कसोटी वाचण्यासारखी आहे. न्यायिक पदाचा किंवा वकिलीचा सात वर्षांचा अनुभव हवाच, शिवाय विवाहसंस्था टिकवण्याची व मुलांच्या कल्याणाची तळमळ, समेट व समुपदेशनातून वाद मिटवण्याचे कौशल्य पाहायचे, आणि स्त्रियांना प्राधान्य द्यायचे. यातील 'विवाह टिकवण्याची तळमळ' मला थोडी खटकते, तो वेगळा विषय. मात्र जे काम शहरात सात वर्षांच्या अनुभवी आणि खास निवडलेल्या माणसाला दिले जाते, त्याच कामाचा पोटगीचा तुकडा तालुक्यात सेवेच्या पहिल्या पायरीवरच्या न्यायाधीशाकडे येतो, आणि तो न्यायाधीशही नसेल तर शिक्क्याकडे.

वाट काढली ती त्या मुलीनेच. घटस्फोटाच्या याचिकेतच तिने हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली बाईंसाठी अंतरिम निर्वाह व दाव्याच्या खर्चाचा, आणि कलम 26 खाली मुलीसाठी असा अर्ज दिला. तालुक्यातील अर्ज प्रलंबित असल्याचे त्यात लपवले नाही, उलट आधीच सांगितले, म्हणजे दुहेरी वसुलीचा आक्षेप उरू नये. वरिष्ठ स्तर न्यायाधीशांनी दुकानाचा भाडेकरार व वस्तू व सेवा कराची नोंदणी हजर करायला सांगितली. भाडेकरार सामनेवाल्याच्याच नावाचा निघाला. डिसेंबरमध्ये आई व मुलगी मिळून महिना नऊ हजारांचा अंतरिम आदेश झाला. हे यश त्या वकिलाच्या चौकसपणाचे आहे, व्यवस्थेचे नाही. नवऱ्याने घटस्फोट मागितलाच नसता तर हे दार उघडलेच नसते.

दरम्यान आमच्या वकील संघटनेने जिल्ह्याच्या पालक न्यायमूर्तींना, म्हणजे जिल्ह्यातील न्यायालयांवर देखरेख ठेवणाऱ्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना, दोन निवेदने दिली. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सातारा, सांगलीच्या वकिलांना अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही, आणि तो आनंद खराच आहे. तालुक्याच्या खुर्चीवर त्याचा परिणाम होण्याचे कारण नव्हते. निवेदन देण्याच्या सभेत एका ज्येष्ठांनी माहुलीच्या रामशास्त्र्यांचे स्मरण केले. साताऱ्यात ते व्हायचेच. रामशास्त्र्यांनी पेशव्याला सुनावून पद सोडले, हे आम्ही सगळे सांगतो. त्यांनी सोडल्यावर पुण्यातील पक्षकार कुणाकडे गेले, हे कुणी सांगत नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात न्यायाधीश आले. नवीन भरतीतले नव्हते; मराठवाड्यातील एका तालुका न्यायालयातून त्यांची मध्येच बदली झाली होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जुने पोटगी अर्ज वेगळे काढून बोर्डावर घेतले आणि आमच्या फायलीतील शिक्के मोजून कारकुनाकडे नुसते पाहिले. मुख्य अर्ज आता पुराव्याच्या टप्प्यावर आहे आणि कलम 24 खाली मिळालेली रक्कम त्यात वळती होणार, हेही स्पष्ट झाले आहे.

त्या संध्याकाळी कार्यालयात वकील मुलीने प्रकरणांची स्थिती दाखवणाऱ्या ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मराठवाड्यातील ते न्यायालय शोधले, पोटगीचा एक अर्ज उघडला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पुढील तारीख मार्चची होती. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, न्यायाधीश पद रिक्त.